पिस्तूल निवडताना : दुकानाआधी घराचा विचार



भोपाळ शहरात तात्या टोपे नगर या नावाची मोठी वसाहत आहे. लोक तिला टी. टी. नगर म्हणतात. त्या दोन अक्षरांत येवल्याच्या एका मराठी सेनानीचे नाव दडलेले आहे, याची आठवण आता फारशी कोणी ठेवीत नाही. जवाहर चौक हा याच वसाहतीतील गजबजलेला चौक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात आले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, आणि जुन्या राजधानीच्या कचेऱ्यांतील अनेक मराठी कुटुंबे बाडबिस्तरा घेऊन भोपाळला आली. त्यांची मुले-नातवंडे तिथेच रुजली. कोणी नोकरीत राहिले, कोणी व्यापारात शिरले.

समजा, अशाच एका घरातील पंचेचाळिशीचे गृहस्थ जवाहर चौकाजवळ राहतात. त्यांचा घाऊक मालाचा व्यापार आहे. वसुलीची रोकड घेऊन त्यांना वरचेवर रात्री उशिरा परतावे लागते. एकदा वाटेत दोघांनी त्यांचा पाठलाग केला. त्यानंतर त्यांनी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला, रीतसर चौकशी झाली आणि पिस्तुलाचा परवाना मंजूर झाला. आता प्रश्न उरला तो निवडीचा. विक्रेत्याने त्यांच्यापुढे दोन पिस्तुले ठेवली. एक जुने, जर्मन बनावटीचे, काळसर निळी झाक असलेले, हातात घेताच मन मोहून टाकणारे वाल्थर. दुसरे आपल्या देशातील आयुध निर्माणीचे, नवे, साधे, कोणतीही ऐट नसलेले. दोन्ही बत्तीस बोअरची. गृहस्थांचे मन अर्थातच जुन्या पिस्तुलावर बसले. घरी येऊन त्यांनी वडिलांना सारे वर्णन उत्साहाने ऐकविले. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, ते सारे ठीक. पण घरात ठेवणार कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर गृहस्थांपाशी नव्हते. शस्त्र घेऊ इच्छिणाऱ्या बहुसंख्य नागरिकांपाशीही ते नसते. यास्तव पिस्तुलाची निवड कोणत्या क्रमाने करावी, याचा आज थोडा तपशिलाने विचार करावयाचा आहे.

परवाना : हक्क नव्हे, जबाबदारी

१८५७ च्या उठावानंतर भारतीय जनतेला निःशस्त्र करण्याचे धोरण इंग्रज सरकारने अवलंबिले. तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे फाशी देण्यात आले. पुढे १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत जो शस्त्र कायदा झाला, त्यात भारतीयांना परवान्याची सक्ती होती आणि युरोपियनांना मात्र मोकळीक होती. हा पक्षपात राष्ट्रीय चळवळीला सतत बोचत राहिला. स्वातंत्र्यानंतर संसदेने १९५९ चा शस्त्र अधिनियम केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला आणि शस्त्राच्या बाबतीत सर्व नागरिक एका पातळीवर आले. मोठी मालमत्ता नाही एवढ्याच कारणास्तव कोणाला परवाना नाकारता येणार नाही, असे या अधिनियमात स्पष्ट म्हटले आहे. खेड्यातील लहान शेतकऱ्याने ही तरतूद मुद्दाम लक्षात ठेवावी.

तथापि परवाना मागितला की मिळालाच पाहिजे, असे मात्र नाही. अर्जदाराचे वय एकवीस वर्षे पूर्ण असले पाहिजे. पोलिसांचा चौकशी अहवाल घेतला जातो. २०१६ साली जुन्या नियमांच्या जागी नवे शस्त्र नियम आले. त्यांनुसार शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी या गोष्टींना महत्त्व आले. पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला आपल्या जीविताला किंवा मालमत्तेला खरोखर धोका का संभवतो, हे दाखवावे लागते. सैन्यातील वा पोलीस दलातील सेवा आणि नेमबाजीतील प्रावीण्य यांचाही विचार होतो. परवाना नाकारला गेल्यास अधिकाऱ्याने आपली कारणे लिहून ठेवणे आवश्यक असते, आणि अर्जदाराला अपील करता येते.

२०१९ साली अधिनियमात दुरुस्ती झाली. तोपर्यंत एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे बाळगता येत, ती मर्यादा दोनवर आली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. लग्नाच्या वरातीत किंवा उत्सवात आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मांडवापुढे हवेत झाडलेली गोळी हवेतच राहत नाही. ती कोठेतरी खाली येते, आणि बहुधा ती कोणाच्या तरी अंगणातच येते.

परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता आहे, हे नमूद असते. आपल्या गृहस्थांचे मामा नागपूरला आणि सासुरवाडी अमरावतीला आहे, असे धरू या. परवाना केवळ मध्य प्रदेशापुरता असेल, तर पिस्तूल कमरेला लावून त्यांना लग्नाकार्यासाठी विदर्भात येता येणार नाही. आल्यास तो गुन्हा ठरेल. अर्ज करतानाच आपले जाणेयेणे कोठे असते, याचा विचार केलेला बरा.

अर्धस्वयंचलित म्हणजे काय ?

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल हे दोन शब्द बोलण्यात सरमिसळ वापरले जातात. वस्तुतः ही दोन निरनिराळी शस्त्रे आहेत. रिव्हॉल्व्हरला फिरते चक्र असते व त्याच्या खणांत काडतुसे बसविलेली असतात. चक्र उघडले की किती काडतुसे भरली आहेत, हे एका दृष्टिक्षेपात दिसते.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाची रचना वेगळी. त्याच्या मुठीत मॅगझिन बसते आणि त्यात काडतुसे एकावर एक रचलेली असतात. वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, हाताने मागे ओढून सोडला की सर्वांत वरचे काडतूस नळीच्या मागच्या घरात जाऊन बसते. चाप ओढला की गोळी सुटते. त्याच स्फोटाच्या जोराने स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते आणि पुढे येताना स्लाइड नवे काडतूस घरात ढकलते. पुढची गोळी सुटण्यास पुन्हा चाप ओढावा लागतो. भरण्याचे काम आपोआप होते आणि झाडण्याचे काम माणसाने करावयाचे असते, म्हणून त्याला अर्धस्वयंचलित म्हणतात.

ही रचना लोकप्रिय करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात अमेरिकेतील जॉन ब्राउनिंग या कारागीर-संशोधकाला जाते. बेल्जियममधील एफ. एन. कारखान्याने त्यांच्या आराखड्यावरून विसाव्या शतकाच्या प्रारंभी बत्तीस बोअरचे खिशात मावणारे पिस्तूल बाजारात आणले. कोल्ट कंपनीचे १९०३ चे पिस्तूल, एफ. एन. चे १९१० चे पिस्तूल आणि १९२९ चे जर्मन वाल्थर पी. पी. ही त्या परंपरेतील प्रसिद्ध नावे. जुन्या घाटाचे पिस्तूल म्हणतात ते हेच. शंभर वर्षे होत आली तरी त्यांचा मूळ आराखडा आजही कालबाह्य झालेला नाही, ही त्या कारागिरांची थोरवी होय.

मात्र या रचनेत एक धोका दडलेला आहे, आणि तो न समजल्यामुळे अनेक ठिकाणी प्राण गेले आहेत. मॅगझिन काढून घेतले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असा नवख्या माणसाचा समज होतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे. मॅगझिन बाहेर आले तरी नळीच्या घरात एक काडतूस शिल्लक असू शकते, आणि चाप ओढला की बहुतेक पिस्तुलांत ते सुटते. म्हणून प्रथम मॅगझिन काढावे, नंतर स्लाइड मागे ओढून घरात डोळ्यांनी पाहावे, शक्य तर बोटाने चाचपून पाहावे, आणि मगच ते रिकामे समजावे. हा क्रम उलट केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मागून मॅगझिन काढले, तर नवे काडतूस घरात जाऊन बसलेले असते.

जो माणूस वर्षातून एकदाही सरावाला जाणार नाही, त्याने पिस्तुलाऐवजी रिव्हॉल्व्हरचा विचार करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. त्याची स्थिती पाहताच कळते आणि स्मरणात ठेवावयाच्या क्रियाही कमी असतात.

बोअरचा प्रश्न

चित्रपटांत दिसणारी अनेक पिस्तुले सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाहीत. अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारलेले पंचेचाळीस बोअरचे कोल्ट किंवा १९३५ चे नऊ मिलिमीटरचे ब्राउनिंग हाय पॉवर ही या घाटातील सर्वांत नामांकित शस्त्रे. परंतु सैन्याची व पोलिसांची काडतुसे ज्यात चालतात, अशी शस्त्रे आपल्या नियमांनुसार प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. सुरक्षा दलांची काडतुसे चोरून खाजगी शस्त्रांत वापरली जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू उघड आहे. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना जवळ बाळगल्यास किमान सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. तेव्हा कोणी गुपचूप असे पिस्तूल स्वस्तात देऊ करीत असेल, तर त्या स्वस्ताईची किंमत आयुष्यातील सात वर्षे आहे, हे ओळखावे.

नागरिकासाठी प्रामुख्याने उरतात ती बत्तीस, पंचवीस आणि बावीस बोअरची पिस्तुले. बावीस बोअर हे सरावाचे व स्पर्धांचे साधन. पंचवीस बोअरची पिस्तुले अगदी चिमुकली असतात. त्यामुळे स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेणारा बहुधा बत्तीस बोअरवर येऊन थांबतो. त्याचा धक्का सौम्य असतो आणि मध्यम बांध्याच्या माणसाला ते आवरता येते.

येथे एक घोटाळा वारंवार होतो. रिव्हॉल्व्हरचे काडतूसही बत्तीस बोअरचे आणि पिस्तुलाचे काडतूसही बत्तीस बोअरचेच म्हटले जाते. पण ही दोन काडतुसे एक नव्हेत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचे टरफल सुमारे तेवीस मिलिमीटर लांब असून त्याच्या बुडाला ठळक कड असते. पिस्तुलाच्या काडतुसाचे टरफल सुमारे सतरा मिलिमीटर, म्हणजे आखूड, आणि त्याची कड जेमतेम जाणवेल एवढीच. एकाचे काडतूस दुसऱ्यात घालण्याचा प्रयत्न कधीही करू नये. काडतुसे घेताना 'बत्तीसची द्या' एवढे म्हणणे पुरेसे नाही. कोणत्या शस्त्राची, ते सांगावे आणि पावतीवर तसे लिहून घ्यावे. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण असते. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याची 'के. एफ.' ही खूण देशभरातील परवानाधारकांच्या परिचयाची आहे.

जुने की नवे ?

आता आपल्या गृहस्थांच्या पुढील खऱ्या पेचाकडे वळू. जुने वाल्थर आणि नवे देशी पिस्तूल, यांतील कोणते घ्यावे ?

परदेशी शस्त्रांच्या आयातीवर १९८० च्या दशकापासून कडक निर्बंध आले. त्यापूर्वी आलेली पिस्तुलेच एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. नग मर्यादित आणि मागणी मोठी, म्हणून त्यांच्या किमती त्यांच्या मायदेशातील किमतींच्या कित्येक पटींनी चढल्या. ही वाढीव किंमत दुर्मिळतेची आहे. तिच्यामुळे शस्त्राची नळी नवी होत नाही किंवा स्प्रिंग ताजी होत नाही.

देशी शस्त्रांविषयी पूर्वी नाके मुरडली जात. ईशापूर येथील रायफल कारखान्याचे 'अशनी' हे बत्तीस बोअरचे पिस्तूल आणि कानपूर येथील रिव्हॉल्व्हरे सामान्य परवानाधारकाच्या हाती दीर्घकाळ आहेत. २०१४ च्या जानेवारीत कानपूरने 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. खाजगी क्षेत्रालाही शस्त्रनिर्मितीचे परवाने मिळू लागले. नव्या शस्त्राचा मोठा लाभ असा, की त्याचा इतिहास कोरा असतो, सुटे भाग मिळू शकतात आणि तक्रार कोठे करावयाची हे ठाऊक असते.

जुने पिस्तूल घ्यावयाचेच असेल तर काही गोष्टी काटेकोरपणे पाहाव्यात. पहिली गोष्ट क्रमांकाची. पिस्तुलाच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यातील क्रमांकाशी अंक न् अंक जुळला पाहिजे. अनेक जुन्या पिस्तुलांत स्लाइडवर व नळीवरही क्रमांक अथवा त्याचे शेवटचे अंक असतात. ते वेगळे असतील, तर तो भाग दुसऱ्या पिस्तुलाचा आहे, हे उघड होते. क्रमांक घासलेला, पुसट केलेला किंवा नव्याने ठोकलेला दिसला, तर ते पिस्तूल हातातून खाली ठेवावे. ओळखचिन्ह नसलेले अग्निशस्त्र विकणे हाच कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट नळीची. शस्त्र रिकामे आहे याची दोनदा खात्री करून, ते उघडून, जाणकाराकडून नळी उजेडात तपासून घ्यावी. आतील पीळ स्पष्ट दिसले पाहिजेत. गंजाचे खड्डे, फुगवटा किंवा नळीभोवती वलयासारखी खूण दिसल्यास व्यवहार थांबवावा. तिसरी गोष्ट मॅगझिनची. त्याचे वरचे ओठ वाकलेले असतील, तर काडतूस वेळेवर अडकते. जुन्या पिस्तुलांना मूळ मॅगझिन मिळणे अवघड असते. चौथी गोष्ट स्प्रिंगांची आणि सुरक्षा कळेची. पन्नास-साठ वर्षांची स्प्रिंग शिणलेली असते. जुन्या काळच्या काही आराखड्यांत हातातून पडल्यावर गोळी सुटू नये अशी पक्की योजनाही नसते. म्हणून परवानाधारक शस्त्रकारागिराकडून तपासणी करवून घेतल्याविना पैसे देऊ नयेत. बाहेरची झिलई नव्याने चढविता येते, तेव्हा चकाकी हे आरोग्याचे लक्षण मानू नये. म्हशीचा बाजार पाहणारा शेतकरी शिंगांच्या रंगावरून सौदा करीत नाही, तो दात पाहतो आणि कास पाहतो. तीच नजर येथे ठेवावी.

गृहस्थांनी वडिलांच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी एका जाणकाराला बरोबर नेले. वाल्थरच्या सांगाड्यावरचा क्रमांक परवान्याशी जुळला, पण स्लाइडवरचे अंक निराळे निघाले. विक्रेता म्हणाला, "साहेब, जुन्या मालात असे चालायचेच." जाणकाराने मान हलविली. दुसऱ्या पिस्तुलाची स्लाइड या पिस्तुलावर कधी, कोणी आणि का चढविली, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते.

हातोहात फिरणारे शस्त्र

एवढ्या बारीक तपशिलाचे काय महत्त्व, असा प्रश्न कोणाला पडेल. त्याचे उत्तर मध्य प्रदेशातीलच एका शहराच्या इतिहासात आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींवर ज्या तीन गोळ्या झाडण्यात आल्या, त्या इटालियन बनावटीच्या बेरेटा पिस्तुलातून सुटल्या होत्या. जुन्या घाटाचे, लहानसे, अर्धस्वयंचलित पिस्तूल ते. ते थोड्याच दिवसांपूर्वी ग्वाल्हेर येथे परवान्याशिवाय मिळविण्यात आले होते. नोंदीविना हातोहात फिरणारे शस्त्र शेवटी कोणाच्या हाती पडेल, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. विकत घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला नोंदीचा जो जाच वाटतो, त्यामागे असा अनुभव उभा आहे.

म्हणून एका परवानाधारकाने आपले शस्त्र दुसऱ्याला विकावयाचे झाल्यास त्याने आपला हेतू आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याला लेखी कळविला पाहिजे. त्यानंतर पंचेचाळीस दिवस लोटल्याखेरीज शस्त्र हस्तांतरित करता येत नाही. घेणाऱ्याजवळ त्या प्रकारच्या शस्त्राचा वैध परवाना हवा, हे सांगावयास नकोच. परवानाधारक मरण पावल्यास त्याचे शस्त्र वारसांनी कपाटात तसेच पडू देऊ नये. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. 'आजोबांची आठवण' म्हणून ठेवलेले पिस्तूल कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना शस्त्रच होय. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागण्याचा मार्ग खुला असतो.

हेतू कोणता ?

शस्त्र कशासाठी, हा प्रश्न शस्त्र कोणते याच्या आधी यावयास हवा. खेळासाठी असेल तर त्याचे जग निराळे आहे. भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत २०२३ च्या मार्च महिन्यात नेमबाजीची विश्वचषक स्पर्धा झाली. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्या प्रकारात वापरतात ते बावीस बोअरचे पिस्तूल, हाताच्या मापाने घडविलेल्या मुठीचे. ते कमरेला लावण्याची वस्तू नव्हे. ज्या तरुणाला शस्त्राची आवड आहे, त्याने प्रथम अशा मैदानावर जावे. शिस्त काय असते, ते तिथे कळते.

प्रतिष्ठेसाठी शस्त्र घेणे हा मात्र सर्वांत दुबळा हेतू होय. चंबळच्या खोऱ्यात खांद्यावरील बंदूक ही मानाची खूण समजली जाते. २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात पुरुष नसबंदी करून घेणाऱ्यांना शस्त्र परवान्यात प्राधान्य देण्याची योजना प्रशासनाने पुढे केली होती आणि तिला प्रतिसादही मिळाला होता. बंदुकीची ओढ किती खोल असते, हे त्यावरून दिसते. याच खोऱ्यात १९६० च्या मे महिन्यात कोकणातील गागोद्याच्या विनोबांनी पायी फिरून सुमारे वीस बागींना शस्त्रे खाली ठेवावयास लावली होती. शस्त्राने मिळविलेला दरारा ज्यांनी आयुष्यभर भोगला, त्यांनीच तो पायाशी आणून ठेवला.

स्वसंरक्षणाचा हेतू खरा असतो. कायद्याला तो मान्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ मध्ये या हक्काचे विवेचन आहे. पण हक्काला मर्यादा आहे. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि शासकीय यंत्रणेची मदत घेण्याइतका अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा माणूस स्वतःचा बचाव करीत नसतो. ज्याला हा फरक संकटाच्या क्षणी सुचणार नाही, त्याने शस्त्रापेक्षा रोकड नेण्याची वेळ व रीत बदलणे हिताचे. आपल्या गृहस्थांनीही तेच आधी केले. निम्म्याहून अधिक वसुली त्यांनी बँकेमार्फत घेण्यास सुरुवात केली. धोका तिथेच अर्ध्याने उतरला.

घरातील जागा

अखेर वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. पिस्तूल ठेवणार कुठे ?

उशीखाली, असे अनेकजण सांगतील. धान्याच्या कोठीत, देवघराच्या फळीवर, कपड्यांच्या घडीत, असेही सांगतील. यांतील एकही जागा योग्य नाही. घरातील मुलांना घरातील प्रत्येक कोपरा ठाऊक असतो, आणि मोठ्यांनी लपविलेली वस्तू शोधण्यासारखा दुसरा खेळ नसतो. शाळेतील शिक्षकांना हे अधिक सांगावयास नको. चित्रपटातील नायकाची नक्कल करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या हाती खरे पिस्तूल आले, तर खेळ आणि मृत्यू यांच्यात केवळ एका बोटाच्या दाबाचे अंतर राहते. आणखी एक गोष्ट संकोच न बाळगता सांगितली पाहिजे. परीक्षेत अपयश आलेला मुलगा, कर्जाने खचलेला भाऊ, मनाने आजारी असलेली व्यक्ती, यांपैकी कोणीही घरात असू शकते. दुःखाचा तो आवेग बहुधा ओसरतो. हाताशी भरलेले शस्त्र असेल तर ओसरण्यास वेळच मिळत नाही. घरावर असा काळ आला असेल, तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

म्हणून शस्त्रासाठी पोलादी पेटी हवी, ती भिंतीत किंवा जमिनीत पक्की बसविलेली हवी आणि तिला चांगले कुलूप हवे. काडतुसे वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली परवानाधारकाच्याच जवळ असावी. पेटीत जाणारे शस्त्र प्रत्येक वेळी रिकामे आहे हे पाहूनच ठेवावे. हाताळताना नळीचे तोंड कधीही माणसाकडे वळवू नये, झाडावयाचे ठरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये, आणि प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असेच समजून चालावे. पाहुण्यांना दाखविण्यासाठी, छायाचित्र काढण्यासाठी किंवा सणाच्या दिवशी पूजेत मांडण्यासाठी भरलेले पिस्तूल बाहेर काढू नये. दसऱ्याला शस्त्रपूजन करणाऱ्यांनी मॅगझिन वेगळे करून, घर तपासून, मगच पाटावर ठेवावे. निवडणुकीच्या काळात प्रशासनाने आदेश दिल्यास शस्त्र मुदतीत जमा करावे व पावती जपून ठेवावी.

भोपाळच्या त्या गृहस्थांनी आठवडाभर दुकानाकडे पाऊल टाकले नाही. आधी त्यांनी सुताराऐवजी लोहाराला बोलावले आणि आतल्या खोलीच्या भिंतीत पोलादी पेटी बसवून घेतली. शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण पुरे झालेलेच होते, तरी आणखी दोन दिवस मैदानावर जाऊन त्यांनी सराव केला. त्यानंतर ते दुकानात गेले, वाल्थर पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिले आणि परत केले. त्यांनी नवे देशी पिस्तूल घेतले. पावतीवर क्रमांक, बोअर आणि काडतुसांचा प्रकार नीट लिहून घेतला, आणि शस्त्राची परवान्यात नोंद करवून ते घरी आले.

मुलाने दाराशीच विचारले, "बाबा, दाखवा ना!" त्यांनी त्याला जवळ बसविले आणि आधी रिकाम्या पेटीचे कुलूप दाखविले. हे कुलूप का आहे, किल्ली कोणाकडे राहील आणि आपण किंवा आपल्या मित्राने कधीही असे शस्त्र पडलेले पाहिले तर हात न लावता मोठ्या माणसाला का सांगावयाचे, हे सारे समजावले. मग पिस्तूल पेटीत ठेवून त्यांनी कुलूप लावले. आजोबा बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. ते इतकेच म्हणाले, "आता झाली खरेदी."

शस्त्राची गरज ज्या नागरिकाला खरोखरच आहे, त्याने हा क्रम ध्यानात ठेवावा : प्रथम गरज, नंतर परवाना, नंतर घरातील पेटी, नंतर सराव, आणि सर्वांत शेवटी दुकान. गावातील शिक्षकांनी, ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनी व पोलीस पाटलांनी हा क्रम आपापल्या गावात लोकांना समजावून सांगितला, तर एखादे घर तरी होऊ घातलेल्या शोकांतून वाचेल.